मुलांच्या हातातले यंत्र



लहान शाळकरी मुलांना इंटरनेट जपून वापरायला कसे शिकवावे, या विषयावर बोला असा निरोप आला तेव्हा आम्ही चालकांना विचारले की, गावात इंजिनिअर आहेत, प्राध्यापक आहेत, पोलीस खात्यात या विषयाचे जाणकार अधिकारी आहेत. मग सातपूर-अंबडच्या फाटकांवर तीस वर्षे सभा घेत हिंडणाऱ्या माणसाला कशाला बोलावता? त्यांनी उत्तर दिले, "यंत्र कसे चालते ते इंजिनिअर सांगतील, यंत्रात बोट कसे सापडते ते तुम्ही सांगा." हे उत्तर पटले, म्हणून उभे राहिलो आहोत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते पाळी सुटल्यावर, आपल्या १८४० साली स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयाच्या टेबलावर. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कोणी ठेवू नये. जे पाहिले आणि जे समजून घेतले तेवढे सांगू.

आमचा सगळा विचार कारखान्यातून निघतो, म्हणून तिथूनच आरंभ करतो. पत्र्याला आकार देणारे पॉवर प्रेस नावाचे यंत्र आपल्या औद्योगिक वसाहतीतल्या कितीतरी लहानमोठ्या शेडमध्ये आहे. वरचा डाय खाली येतो, पत्रा कापला जातो, डाय पुन्हा वर जातो. हात आत राहिला तर पत्रा आणि बोट यांत ते यंत्र फरक करीत नाही. यावरचा उपाय जुना आणि साधा आहे. तोंडावर जाळी बसवायची, किंवा दोन्ही हातांनी दोन बटणे दाबल्याखेरीज डाय खाली येऊच नये अशी रचना करायची. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे आत हात जाईलच कसा? पण जाळी बसवली की तासाला निघणारे नग कमी होतात. मग कुठे जाळी काढून ठेवतात, कुठे एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवतात, आणि अपघात झाला की भिंतीवर 'सुरक्षितता प्रथम' अशी पाटी आहेच. ज्याचे बोट गेले त्यालाच विचारतात, "तुझे लक्ष कुठे होते?" अशा चौकशांना आम्ही कामगाराच्या बाजूने पुष्कळदा बसलो आहोत. या एका प्रश्नाइतका संताप आम्हांला दुसऱ्या कशाचा आलेला नाही.

१९४८ च्या कारखाने कायद्यात तेविसावे कलम होते. धोक्याच्या यंत्रावर कोवळ्या वयाच्या माणसाला उभे करायचे असेल, तर त्या यंत्राचे धोके आणि घ्यायची खबरदारी त्याला पूर्णपणे समजावून दिलेली असली पाहिजे, आणि एक तर त्याला पुरेसे शिक्षण मिळालेले असले पाहिजे किंवा त्या यंत्राची पक्की माहिती असलेला माणूस त्याच्यावर लक्ष ठेवणारा असला पाहिजे. चौदा वर्षांखालील मुलाला तर त्या कायद्याने कारखान्यात कामच करू दिले नव्हते. यंत्राला कुंपण घालण्याचे कलम एकविसावे; ते तेविसाव्याच्या आधी येते, हा क्रम आम्हांला अर्थपूर्ण वाटतो. तो कायदा आता उरला नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या संहिता अमलात आल्या. त्यांच्याबद्दल आमचे जे भांडण आहे ते दुसऱ्या व्यासपीठावरचे आहे, इथे आणत नाही. पण त्या तेविसाव्या कलमात जे शहाणपण आहे ते मोबाईलच्या बाबतीत आपण सगळे विसरलो, हे सांगण्यासाठीच आज आलो.

मुलांच्या हातात हे यंत्र आले कसे ते आठवून पाहा. आधी ते घरात होतेच. वडिलांच्या खिशात होते, आईच्या पर्समध्ये होते. जेवताना रडणाऱ्या मुलासमोर ते धरले जात होते. पण हक्काने, वेळापत्रक लावून, शाळेच्या आज्ञेने ते मुलाच्या हातात आले ते मार्च २०२० नंतर. शाळा बंद झाल्या, शिक्षण सुरू ठेवायचे ठरले. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता, शिक्षकांनी जे केले ते कौतुकाचे होते, आणि ज्या घरात एकच मोबाईल व तीन मुले त्या घरांत काय ओढाताण झाली ती आम्ही सिडकोच्या आणि सातपूरच्या चाळींतून पाहिलेली आहे. प्राथमिकचे खालचे वर्ग सुरू करायला सरकारची परवानगी मिळाली ती १ डिसेंबर २०२१ पासून. म्हणजे जे मूल २०२० च्या जूनमध्ये पहिलीत गेले, त्याने आपली शाळा पाहिली ती दुसरीच्या मध्यावर. मोबाईल मात्र पहिल्या दिवसापासून पाहिला. त्या मुलाला धोके समजावून कोणी दिले? पुरेसे शिक्षण कोणी दिले? लक्ष ठेवायला पक्की माहिती असलेला माणूस कोण होता? आजी होती. आणि यंत्र चालू कसे करायचे ते त्या आजीला नातूच शिकवीत होता!

आता याचा दुसरा अर्थ कोणी काढू नये. मोबाईल फोडून टाका, नेट बंद करा असे सांगणाऱ्यांपैकी आम्ही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड छापून मुलांना धडे ऐकवले, दाखवले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांवर ते कोड आले, आणि २०२० साली जगातल्या उत्तम शिक्षकाचे पारितोषिक या गुरुजींना मिळाले. त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली, ही गोष्ट आम्हां कामगारांना अधिक आवडली. पण तो वेगळा विषय झाला. ज्या वाडीत ग्रंथालय नाही, प्रयोगशाळा नाही, तिथे हे यंत्र ग्रंथालय आणि प्रयोगशाळा दोन्ही होऊ शकते. वाचनालयाच्या टेबलावर ज्याचे आयुष्य घडले तो माणूस पुस्तकांचे दार बंद करा असे कोणत्या तोंडाने म्हणेल?

भीतीचेही आम्हांला तेवढेच वावडे आहे. २०१७ साली 'ब्ल्यू व्हेल' नावाच्या एका खेळाची केवढी हाकाटी झाली! वर्तमानपत्रे भरून गेली, शाळांनी पालकांना पत्रके वाटली, आयाबाया मुलांच्या हातांवर ओरखडे शोधू लागल्या. २०१८ च्या जानेवारीत केंद्र सरकारने संसदेत सांगितले की, ज्या मृत्यूंशी त्या खेळाचे नाव जोडले गेले त्यांपैकी एकाचाही त्या खेळाशी संबंध तपासात सिद्ध झाला नाही. इकडे त्याच वर्षी मुलांच्या ओळखी, मुलांची छायाचित्रे, वडिलांच्या खात्यातले पैसे रोज जात होते, आणि त्याची हाकाटी कुठे नव्हती. राक्षसाच्या गोष्टीने सगळे गाव जागे राहते, पण घराची कडी उघडी आहे हे कोणी पाहत नाही, तसला हा प्रकार.

भीती किती दूर नेते याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. बोलताना जड वाटते, पण बोलले पाहिजे. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी, सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार केले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाईलवरून घरोघर पोचलेली होती. त्याच सुमारास आपल्या मालेगावातही असाच जमाव जमला होता. तिथे पोलीस वेळेवर आले म्हणून एक कुटुंब वाचले. त्या काळात देशभर फिरलेल्या चित्रफितींत एक अशी होती की, मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारे मूल उचलतात आणि जातात. ती मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेसाठी, पालकांना सावध करण्यासाठी केलेली होती. शेवटी ते दोघे परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि सूचनेचा फलक दाखवतात. कोणी तरी हा शेवट कापून टाकला. मग उरले काय, तर मूल पळवल्याचा पुरावा! मुलांच्या रक्षणासाठी केलेली चित्रफीत, आणि मुलांच्या रक्षणाच्या नावाने ती पुढे ढकलणारी मोठी माणसे. तेव्हा 'मुलांना नेट शिकवा' असे म्हणताना पाटीवर पहिले नाव आपले लिहिले पाहिजे.

गावांनी काय केले ते पाहू. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यात बान्सी म्हणून गाव आहे. तिथल्या ग्रामसभेने २०२२ च्या नोव्हेंबरात ठराव केला की, अठरा वर्षांखालील मुलामुलींनी मोबाईल वापरू नये, आणि वापरल्यास दंड. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात दुसरी रीत सुरू झाली होती. संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, आणि दीड तास सगळ्या गावाने मोबाईल आणि टीव्ही बंद ठेवायचे. साडेआठला पुन्हा भोंगा. मधल्या वेळात मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे, बोलावे. आरंभी पुरुषमंडळी हसली. पण बायांनी ते उचलून धरले. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, सेवानिवृत्त शिक्षक घरोघर गेले.

या दोहोंपैकी आम्हांला वडगाव जवळचे वाटते. भोंग्याशी आमचे जुने नाते आहे, हे एक कारण झाले. दुसरे कारण असे की, बान्सीचा नियम फक्त मुलाला लागतो, आणि वडगावचा भोंगा बापालाही लागतो. बाप ओट्यावर बसून रील पाहणार आणि मुलाला दोनशे रुपये दंड होणार, हा न्याय कोणते मूल मानील? आणि अठराव्या वर्षी ते मूल शहरात येईल, कारखान्यात लागेल, पगार मोबाईलवर घेईल. त्या दिवशी त्याला हे यंत्र प्रथमच भेटणार काय? १८९० साली नारायण मेघाजी लोखंड्यांनी गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळवून दिली. ती मिळाली तेव्हा गिरणी काही बंद झाली नाही. गिरणीतून माणसाचा एक दिवस सोडवून आणला गेला. वडगावने दीड तास सोडवून आणला. शहरात भोंगा वाजवणे अवघड आहे हे आम्ही जाणतो. आपल्याकडे आधीच भोंगे पुष्कळ आहेत! पण एका जिन्यावरची आठ बिऱ्हाडे मिळून एक तास ठरवू शकतात. सातपूरच्या आमच्या ओळखीच्या एका इमारतीत हे चालू आहे. कधी मोडते, पुन्हा सुरू होते.

आता शिकवायचे काय आणि कसे. आम्ही काही शिक्षक नव्हे. पण युनियनच्या खोलीत रविवारी सकाळी कामगारांची मुले जमवून जे प्रयोग केले त्यांतले दोनतीन सांगतो.

एक चिठ्ठीचा खेळ आहे. एका मुलाला कागदाच्या कपट्यावर काही तरी लिहायला सांगतो, बहुधा ते कोणाची तरी चेष्टाच लिहिते. मग ते पाच जणांनी उतरवून घ्यायचे, त्या पाचांनी प्रत्येकी पाच जणांना द्यायचे. खोलीतली मुले लवकरच संपतात, म्हणून पुढचे फळ्यावर करतो. पाच, पंचवीस, एकशे पंचवीस, सहाशे पंचवीस, तीन हजार एकशे पंचवीस. चौथीतल्या मुलाला हा गुणाकार येतो, आणि पाचव्या फेरीला ते डोळे मोठे करते. मग त्या पहिल्या मुलाला सांगायचे, "बाळा, आता तुझी चिठ्ठी परत गोळा करून आण." ते खोलीभर पळते. दोन मिळतात, तीन मिळतात, एकीने खिशात घातलेली असते, एकाने घरी भावाला द्यायची म्हणून दप्तरात ठेवलेली असते. टाकलेली गोष्ट परत घेता येत नाही, हे तिसरी-चौथीच्या मुलाला व्याख्यान देऊन कळत नाही. पळून दमल्यावर कळते. (पाच हा आकडा आम्ही मनचा घेतलेला नाही. राईनपाड्याच्या त्या महिन्यातच व्हॉट्सॲपने आपल्या देशात एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठवण्याची सोय काढून घेतली. यंत्राला जाळी बसवता येते, बसवायची इच्छा लागते, याचा तो पुरावा.)

दुसरा धडा नोटेचा. आपले नाशिक नोटा छापणारे गाव. नाशिकरोडच्या छापखान्यातल्या कामगारांची मुले आमच्याकडे येतात, त्यांना आम्ही विचारतो, खोटी नोट कशी ओळखाल? ती तत्काळ सांगतात : उजेडाकडे धरा, पाण्यातले चित्र पाहा, तार पाहा, बोट फिरवा. म्हणजे नोट हातात आली की लगेच खिशात घालायची नाही, आधी उजेडाकडे धरायची. मग पडद्यावरची बातमी, पडद्यावरचे बक्षीस, 'तुझ्या शाळेतून बोलतो आहे' असे म्हणणारा आवाज, हे उजेडाकडे धरायचे म्हणजे काय करायचे? कोणी सांगितले, केव्हाचे आहे, घाई का करतो आहे, गुप्त का ठेवायला सांगतो आहे. शेवटच्या दोन खुणा लहान मुलाला पुरतात. जो घाई करतो आणि जो 'आईला सांगू नकोस' म्हणतो, तो खोटा. आता तर माणसाचा आवाज आणि चेहराही यंत्राने हुबेहूब बनवता येतो. यासाठी घरात एक परवलीचा शब्द ठरवावा. किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकरी परवल विचारीत, तसा. "बाबांचा अपघात झाला, ओटीपी सांग" असा फोन आला तर मुलाने परवल विचारावी. मुलांना हा खेळ फार आवडतो. ती बापाला रोजच दारात अडवून परवल विचारू लागतात, आणि दुसऱ्या पाळीहून रात्री दमून आलेल्या बापाला शब्द आठवत नाही, अशा तक्रारी आमच्याकडे आलेल्या आहेत.

नाव, शाळा, पत्ता, गणवेशातले छायाचित्र, ओटीपी आणि पासवर्ड या गोष्टी अनोळखी माणसाला द्यायच्या नाहीत, हे पाढ्यासारखे पाठ करून घ्यावे. पण हेही पाहा. जून महिन्यात शाळेच्या पहिल्या दिवशी गणवेश घातलेल्या, गळ्यात ओळखपत्र लटकवलेल्या लेकराचे छायाचित्र शाळेच्या फलकाशेजारी काढून जगजाहीर कोण करते? आपणच. तेरा वर्षांखाली इन्स्टाग्रामवर खाते काढता येत नाही, म्हणून मुलाचा जन्म चार वर्षे मागे ढकलून ते खाते उघडून कोण देते? पुष्कळ घरांत काका नाही तर मोठा भाऊ देतो. म्हणजे या यंत्रावर मुलाला मिळालेला पहिला धडा खोटे बोलण्याचा, आणि तो घरच्यांनी दिलेला. मूल नऊ वर्षांचे असून तेरा वर्षांचे म्हणून नोंदले गेले, की तिकडून येणारे सगळे तेरा वर्षांच्या हिशेबाने येते, हेही ध्यानात घ्यावे.

आता ज्या मुद्द्यासाठी आम्हांला सर्वांत अधिक वेळ हवा आहे त्याकडे येतो. कारखान्यात दोन प्रकारच्या घटना असतात. एक अपघात, आणि दुसरी थोडक्यात हुकलेला अपघात. डाय खाली आला, हात एका बोटाने वाचला. शहाण्या कारखान्यात या दुसऱ्या प्रकाराची नोंद होते, कारण आज हुकला तो उद्या होणार. पण नोंद केव्हा होते? सांगणाऱ्याला शिक्षा होणार नाही अशी खात्री असेल तेव्हा. जिथे सांगितले की मेमो मिळतो, तिथे कामगार रुमालात हात गुंडाळून घरी जातो आणि गप्प बसतो. आमच्या माहितीतल्या एका कारखान्याने वर्षभर 'एकही घटना नाही' असा फलक लावला होता. घटना होत होत्या. सांगण्याचे बंद झाले होते.

आमच्या वस्तीतला एक मुलगा, चौथीतला, आईच्या मोबाईलवर खेळ खेळे. खेळात कोणी तरी बोलू लागले, आधी गोड बोलले, खेळातली शस्त्रे फुकट देतो म्हणाले. मग मोबाईलवर आलेला आकडा मागितला. मुलाने दिला. पैसे गेले, थोडेथोडके नव्हे, बहिणीच्या फीसाठी ठेवलेले. तेव्हा पलीकडून सांगण्यात आले की, आता कोणाला बोललास तर तुझ्या बापाला पोलीस नेतील. तो मुलगा अकरा दिवस गप्प होता. जेवत नव्हता, आईला वाटले पोट बिघडले. अकराव्या दिवशी बँकेतून बापाला कळले आणि बापाने काय केले असेल हे तुम्हांला सांगायला नको. पहिल्या तासाला तो बोलला असता तर १९३० या क्रमांकावर फोन करता आला असता. पैशाची फसवणूक तिथे कळवायची असते, आणि जितक्या लवकर कळवावे तितके पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता अधिक. मग तो का बोलला नाही? आम्ही त्याला शांतपणे विचारले. तो म्हणाला, "मोबाईल काढून घेतला असता, आणि मारलं असतं." हे दोन्ही त्याच्या घरी पूर्वी घडलेले होते.

पैशाचे एक वेळ भरून येते. पण मुलीचे छायाचित्र कोणी मिळवले, त्याला वाटेल ते रूप दिले आणि धमकी दिली, तर ती दहाबारा वर्षांची पोर त्या वेळी कोणाकडे जाईल? तिच्या मनात पहिला विचार येणार, बाबा शाळा बंद करतील. हा विचार तिच्या मनात येऊ नये याची तजवीज आज, काही घडले नसताना, करून ठेवायची असते. घरात स्पष्ट शब्दांत सांगावे, आणि एकदा नव्हे, पुन्हापुन्हा सांगावे : तू चुकलीस तरी सांग, सांगितलेस तर मोबाईल जाणार नाही, शाळा जाणार नाही, हात उगारला जाणार नाही. आणि मग तो शब्द पाळावा; एकदा मोडला की पुढची दहा वर्षे ती नोंदवही कोरी राहील. १०९८ हा क्रमांक मुलांचा आहे, फुकट आहे, संकटातले मूल स्वतः फोन करू शकते. तो मुलांना पाठ असावा. असले चित्र बनवणे, बाळगणे आणि पुढे पाठवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली गुन्हा आहे, पहिल्याच खेपेस पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 'बघा हो कसा अन्याय झाला' म्हणून गल्लीतल्या समूहावर ते चित्र पाठवणारे सद्गृहस्थही त्याच गुन्ह्याच्या दारात उभे असतात. चित्र पोलिसांना दाखवायचे, गल्लीला नव्हे.

एवढे सगळे मुलाने शिकले, आईबापांनी केले, तरी आमचे समाधान होत नाही. का, ते पॉवर प्रेसने सांगितलेच आहे. कामगाराला कितीही शिकवा, जाळी नसेल तर बोट जाणार. मोबाईलवर एक चित्रफीत संपते आणि न मागता दुसरी सुरू होते. मूल काय पाहते, किती वेळ थांबते, कशावर हसते, याचा हिशेब पलीकडे ठेवला जातो आणि त्याप्रमाणे पुढचा घास भरवला जातो. जितका वेळ अधिक तितकी जाहिरात अधिक. इथेही तासाला निघणारे नगच मोजले जात आहेत. फक्त नग म्हणजे आपल्या मुलांचे डोळे आहेत. आठ वर्षांच्या मुलाला 'तुझ्यात संयम नाही' म्हणणे आणि बोट गेलेल्याला 'लक्ष कुठे होते' म्हणणे, यांत आम्हांला फरक दिसत नाही.

जाळी बसवण्याचे काम सरकारचे आहे, आणि ते थोडेफार सुरू झाले आहे. २०२३ साली आपल्याकडे वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती आईबापांच्या खात्रीलायक संमतीखेरीज घ्यायची नाही, मुलाच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही, त्याच्यावर नेम धरून जाहिरात करायची नाही, आणि हे मोडल्यास दोनशे कोटी रुपयांपर्यंत दंड, असे त्यात आहे. नियम निघायला नोव्हेंबर २०२५ उजाडला, आणि त्यांतल्या महत्त्वाच्या तरतुदींसाठी कंपन्यांना अठरा महिन्यांची मुदत मिळाली. पैसे लावून खेळायच्या खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंदीचा कायदा झाला. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायला मनाई केली, आणि दंड मुलाला नाही, आईबापाला नाही, कंपनीला ठेवला. ती मनाई कितपत टिकेल हे पाहायचे. पण दंड कोणाला हे त्यांनी बरोबर ओळखले. कायदा असणे आणि फाटकाच्या आत तो पोचणे यांत केवढे अंतर असते, हे आम्हांला कोणी शिकवायला नको. कारखान्यात इन्स्पेक्टर यायचा तेव्हा जाळी बसायची, तो गेला की निघायची. फरक पडायचा तो आत युनियन असेल तर.

मग इथली युनियन कोणती? ती कायद्याने तयारच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते, आणि तिच्यातले किमान तीनचतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. एवढे बहुमत आम्हांला कोणत्याही कारखान्याच्या समितीत आजवर मिळालेले नाही! त्या समितीत विचारावे : शाळा कोणते ॲप मुलांना घ्यायला लावते? ते मुलाची कोणती माहिती घेते? स्नेहसंमेलनाची छायाचित्रे कुठे टाकली जातात, आणि पालकांना विचारून की न विचारता? वर्गाच्या समूहावर रात्री दहाला गृहपाठ का येतो? मुलाने काही सांगितले तर ऐकणारी बाई कोण, तिचे नाव मुलांना माहीत आहे का? आणि पहिलीपासून चौथीपर्यंत आठवड्याला अर्धा तास या शिक्षणाला देता येईल का? त्या अर्ध्या तासाला यंत्र लागत नाही. चिठ्ठ्या, फळा आणि एक दहाची नोट पुरते.

एक अडचण मात्र आहे, आणि ती आमच्या बाजूची असल्यामुळे आम्हीच मांडली पाहिजे. या समित्यांच्या सभा दुपारी असतात. त्या वेळी पहिल्या पाळीचा बाप यंत्रावर असतो, दुसऱ्या पाळीची आई डबा भरत असते, आणि कंत्राटी कामगाराला बारा तासांत सुटीच नसते. गैरहजर राहिला तर दिवसाचा रोज जातो. मुलावर लक्ष ठेवा असे त्याला सांगायचे, आणि लक्ष ठेवण्याचे तास त्याच्याकडून आधीच घेऊन ठेवायचे, हे फार दिवस चालले. म्हणून यंदा आमच्या मागणीपत्रात एक नवे कलम घातले आहे : ज्याचे मूल शाळेत आहे त्या कामगाराला, कायम असो वा कंत्राटी, शाळेच्या सभेसाठी तीन महिन्यांतून अर्धा दिवस भरपगारी सुटी. वाटाघाटीत समोरचे साहेब हसले आणि म्हणाले, हे कसले कलम? आम्ही त्यांना विचारले, तुमचा मुलगा कितवीत आहे? ते म्हणाले, तिसरीत. सध्या कोणता खेळ खेळतो, हे विचारल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले, आणि त्यांनी ते कलम पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवले. ती बैठक येत्या मंगळवारी आहे.